लायगो हिंगोलीत येतंय, मग मुलांनी मटेरियल इंजिनिअरिंग घ्यावं का?

बारावी सायन्सचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की घराघरात एकच चर्चा सुरू होते. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा? सगळ्यात वर कॉम्प्युटर, त्याखाली एआय आणि डेटा सायन्स, मग आयटी, मग ईएनटीसी. यातलं काहीच नाही मिळालं तर मेकॅनिकल किंवा सिव्हिल. यादीत 'मेटलर्जी अँड मटेरियल' असं काही दिसलं तर बोट थांबत नाही, पुढे सरकतं. त्या शाखेत काय शिकवतात हे घरात कुणालाच माहीत नसतं, आणि अनेकदा सायबर कॅफेत फॉर्म भरून देणाऱ्यालाही नसतं.

हिंगोली जिल्ह्यात मात्र या शाखेबद्दल बोलायला आता एक कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मंजुरी दिली. मग बरीच वर्षं जागा, मोजणी, चाचण्या यात गेली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ ला दिल्लीतून पायाभरणी झाली. वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचं उद्दिष्ट तेव्हा सांगण्यात आलं होतं.

तेव्हापासून जिल्ह्यात दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, यात आमच्या पोरांना काय मिळणार? दुसरा, त्यासाठी त्यांनी काय शिकायचं?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण 'फिजिक्स' असं उत्तर देतात. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. लायगोत भौतिकशास्त्राचं गणित बरंचसं आधीच मांडून झालेलं आहे. ते गणित प्रत्यक्षात उतरवताना गाडी अडते ती काचेपाशी, पोलादापाशी आणि आरशावरच्या केसाहून पातळ थरापाशी. यांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे मटेरियल इंजिनिअरिंग.

एक गोष्ट आधीच सांगते. लायगोत नोकरी लागेल एवढ्याच आशेवर कुणी ही शाखा घेऊ नये. का, ते पुढे येईलच.

फाळाला पाणी देणारा लोहार काय करत असतो?

नांगराचा फाळ किंवा विळा बोथट झाला की लोहाराकडे नेतात. तो लोखंड भट्टीत लालबुंद करतो, ठोकून धार काढतो आणि मग ते पाण्यात बुडवतो. याला आपल्याकडे 'पाणी देणे' म्हणतात. पाणी नीट बसलं तर धार टिकते. जास्त झालं तर दगड लागताच टवका उडतो. कमी झालं तर फाळ वाकतो.

लोखंड तेच, भट्टी तीच, तरी निकाल वेगळा का?

पोलादात लोखंडाच्या अणूंची एक ठरावीक रचना असते आणि तिच्यात थोडा कार्बन असतो. ते लाल होईपर्यंत तापवलं की अणूंची मांडणी बदलते आणि जास्त कार्बन तिच्यात सामावतो. हळूहळू थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम पाण्यात घातलं तर कार्बन आतच अडकतो, रचना ताणली जाते आणि पोलाद कडक पण ठिसूळ होतं. या कडक रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. मग ते पुन्हा थोडं तापवलं की ठिसूळपणा कमी होतो. लोहार हे रंग बघून करतो. कारखान्यात हेच काम तापमान, वेळ आणि सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने होतं आणि त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात.

या शाखेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम ज्या एका विचाराभोवती फिरतो, तो इथे दिसतो. पदार्थ कसा बनवला यावर त्याची आतली रचना ठरते, रचनेवर त्याचे गुण ठरतात आणि गुणांवर तो प्रत्यक्षात किती चालेल हे ठरतं. पुढे मग पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम येईल, सिरॅमिक येईल, प्लास्टिक, बॅटरीतली पावडर किंवा चिपमधलं सिलिकॉन येईल. विचार तोच राहतो.

वसमत-हिंगोली पट्ट्यातल्या मुलांना आणखी एक उदाहरण जवळचं आहे. हळद पूर्वी कढईत शिजवायचे, आता वाफेच्या कुकरवर शिजवतात. त्या कुकरची टाकी कशाची असावी? साधा पत्रा स्वस्त, पण गंजतो. स्टेनलेस महाग, पण टिकतो. वेल्डिंगचा सांधाच आधी का गंजतो? हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. तोच प्रश्न औंढ्यात आठ किलोमीटर लांबीच्या नळीला विचारावा लागणार आहे.

आठ किलोमीटरची नळी

लायगोची रचना इंग्रजी एल अक्षरासारखी असते. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात धावणारा लेसर आणि टोकांना आरसे. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं आणि भुजांची लांबी बदलते. बदल किती? प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका बदल टिपण्याची या यंत्राची क्षमता आहे. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी लहर पहिल्यांदा टिपली. तिची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात भारताची तत्त्वतः मंजुरी आली.

लेसरच्या वाटेत हवेचे रेणू आले तर मोजमाप बिघडतं. म्हणून भुजांमधल्या नळ्यांत हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका खाली आणावा लागतो. अमेरिकेतल्या वेधशाळांत या नळ्या सुमारे १.२ मीटर व्यासाच्या आहेत आणि त्यांचा पत्रा फक्त ३ मिलिमीटर जाडीचा आहे. ३०४एल नावाच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा गुंडाळत-जोडत त्या बनवल्या गेल्या.

या आकड्यामागच्या 'एल' अक्षराकडे बघा. त्याचा अर्थ कार्बन कमी, साधारण ०.०३ टक्क्यांपर्यंत. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि ढालीचं काम करतो. पण वेल्डिंग करताना सांध्याजवळचा भाग बराच तापतो. तिथे कार्बन जास्त असेल तर तो क्रोमियमला स्वतःकडे ओढतो आणि दोघांचं मिळून कार्बाइड बनतं. आजूबाजूला क्रोमियम कमी पडतं, ढाल पातळ होते आणि गंज तिथूनच सुरू होतो. कार्बनच कमी ठेवला तर ही भानगड टळते. हळदीच्या कुकरचा सांधा आधी गंजतो त्यामागेही अनेकदा हेच कारण असतं. मटेरियलच्या विद्यार्थ्याला हे पदवीतच शिकवलं जातं.

दुसरी अडचण हायड्रोजनची. पोलाद वितळलेलं असतानाच त्यात थोडा हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर आतच राहतो. एरवी याने काही बिघडत नाही. पण नळीतली हवा काढून घेतली की हा हायड्रोजन पोलादातून हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणजे बाहेरून एकही छिद्र नसताना नळी आतूनच गळत राहते. यावर अमेरिकेत उपाय केला तो असा: पत्रा आधीच चारशे अंशांच्या वर तापवून हायड्रोजन काढून टाकला आणि नळी जोडून झाल्यावर पुन्हा १५० ते १७० अंशांवर महिनाभर भाजली.

लायगो-इंडियातल्या कामाच्या वाटणीत जागा, इमारती आणि ही निर्वात यंत्रणा भारताकडे आहे, तर लेसर-आरशांसारखे मुख्य भाग अमेरिकेकडून यायचे आहेत. म्हणजे भारतीय बाजूच्या कामाचा मोठा वाटा पोलाद, वेल्डिंग, स्वच्छता आणि निर्वात तंत्राचा आहे. आपल्याकडच्या बातम्यांत कृष्णविवरांची चित्रं भरपूर येतात, नळीच्या वेल्डिंगबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. निधी आणि मनुष्यबळ मात्र तिथेच लागणार आहे.

काचेच्या धाग्यावर ४० किलोचा आरसा

लायगोतला प्रत्येक मुख्य आरसा ४० किलोचा आहे. ३४ सेंटिमीटर व्यास, २० सेंटिमीटर जाडी आणि अतिशुद्ध सिलिकापासून बनवलेली काच. तो टांगलेला असतो सिलिकाच्याच चार धाग्यांवर. धाग्याची जाडी ०.४ मिलिमीटर. म्हणजे एकेका काचेच्या धाग्यावर दहा किलो वजन.

काच कशाला? पोलादी तार का नाही? पहिल्या पिढीच्या लायगोत पोलादी तारच होती. पण पोलादात आतलं घर्षण जास्त असतं. देवळातली घंटा वाजवली तर बराच वेळ नाद टिकतो, लाकडी फळीवर टकटक केलं तर आवाज लगेच मरतो. ज्याचा नाद टिकतो त्या पदार्थात उष्णतेमुळे होणारी अणूंची थरथर एका ठरावीक सुरात गोळा होते आणि तो सूर वजा करता येतो. ज्याचा नाद लगेच मरतो त्यात ती थरथर सगळ्या सुरांत पसरते आणि मोजमापात मिसळते. शुद्ध सिलिका या बाबतीत उत्तम घंटा आहे.

आणि ताकद? नव्याने ओढलेला सिलिकाचा धागा ताणाच्या बाबतीत पोलादी तारेला मागे टाकतो. अट एकच, त्याच्या पृष्ठभागावर ओरखडा नको. काच मुळात कमकुवत नसते, तिच्यावरच्या बारीक चिरा तिला कमकुवत करतात. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२० च्या सुमारास हे मांडलं आणि पदार्थ का तुटतात याचं आधुनिक शास्त्र तिथून सुरू झालं.

इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेने हा धडा फार महागात शिकला. तिथे सिलिकाचे धागे बसवल्यावर निर्वात अवस्थेत ते पुन्हा पुन्हा तुटू लागले. वेधशाळेला मग पोलादी तारा लावाव्या लागल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये लायगोसोबत निरीक्षणात उतरताना ती त्या तारांवरच होती. शोध घेतल्यावर दोष धाग्यांच्या दर्जात नव्हे, धुळीत सापडला. निर्वात यंत्रणेतले बारीक कण उडून धाग्यांवर आदळत होते आणि तिथे चीर पडत होती. पुढे यंत्रणा सुधारून पुन्हा काचेचे धागे लावले गेले. तुटलेला तुकडा हातात घेऊन तो का तुटला हे शोधणं हा या शाखेत एक स्वतंत्र विषय आहे. त्याला फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतात. रेल्वेचा रूळ, गाडीचा अ‍ॅक्सल, विमानाचं पातं, सगळीकडे त्याची गरज पडते.

(हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, तेव्हा अनेकांनी लायगोचं काय होणार असं विचारलं होतं. आरसा जास्त हलला तर धाग्यावर ताण येऊ नये म्हणून त्याच्याभोवती अटकाव बसवलेले असतात. कॅलिफोर्नियापासून जपानपर्यंतच्या मोठ्या भूकंपांची थरथर अमेरिकेतल्या वेधशाळांनाही जाणवतेच.)

गंमत अशी की आज लायगोची सगळ्यात मोठी डोकेदुखी धागा नाही आणि आरसाही नाही. ती आहे आरशावरचा लेप. लेसर परतवण्यासाठी आरशावर दोन पदार्थांचे एकाआड एक पातळ थर दिलेले असतात, एक सिलिकाचा आणि एक टायटॅनियम मिसळलेल्या टँटलम ऑक्साइडचा. सगळे थर मिळून काही मायक्रॉनच. पण या लेपात आतलं घर्षण जास्त आहे आणि यंत्राच्या सगळ्यात कामाच्या पट्ट्यात त्याची थरथरच आडवी येते. याहून चांगला लेप शोधण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा काम करतायत. जर्मेनियमच्या ऑक्साइडवर आधारित लेपांवर सध्या बरंच लक्ष आहे. चांगला लेप सापडला तर तेच यंत्र आणखी दूरच्या आकाशातलं ऐकू शकेल. हा प्रश्न खगोलशास्त्राचा दिसतो, पण त्याचं उत्तर मटेरियलवाल्यांकडूनच येईल.

मग शिकायचं कुठे?

इथे हिंगोलीच्या विद्यार्थ्याची खरी अडचण सुरू होते. जवळचं नावाजलेलं सरकारी अनुदानित कॉलेज म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान, १९८१ मध्ये सुरू झालेलं. तिथे केमिकल, प्रॉडक्शन, टेक्सटाइल, इन्स्ट्रुमेंटेशन अशा शाखा आहेत, मेटलर्जी नाही.

राज्यात पदवीसाठी प्रमुख नावं तीन. पुण्याचं सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ, जिथे सीईटी आणि कॅपमधून प्रवेश होतो. नागपूरचं व्हीएनआयटी, तिथे जेईई मेन लागते आणि निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आणि आयआयटी मुंबई, जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये ज्या मोजक्या शाखांनी सुरू झाली त्यात मेटलर्जी होती. या तिन्ही ठिकाणी ही शाखा त्याच संस्थेतल्या कॉम्प्युटरपेक्षा बऱ्याच खालच्या गुणांवर बंद होते. नांदेड भागातून हैदराबादची रेल्वे सोयीची असल्याने वारंगलच्या एनआयटीचाही विचार करता येतो, मात्र तिथे इतर राज्यांच्या कोट्यातून जावं लागतं.

डिप्लोमाचाही रस्ता आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. पुणे आणि नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनांत मेटलर्जीचा डिप्लोमा आहे. दहावीनंतर तिथे गेलं तर तीन वर्षांनी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा प्रयत्न करता येतो, किंवा फाउंड्री आणि फोर्जिंगच्या कारखान्यात कामालाही लागता येतं.

खर्चाचं बोलायचं तर महाडीबीटीवरच्या योजना कॉम्प्युटरला लागू होतात तशाच इथेही लागू होतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. आयआयटी आणि एनआयटीत एक लाखाखालच्या उत्पन्नाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ, तर एक ते पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ असतं. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. पुण्यात खोली घेऊन राहायचं तर हळदीचे भाव पडलेल्या वर्षी घराचं गणित कसं कोलमडतं हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पदवीनंतर काय?

पहिलं वर्ष सगळ्या शाखांसारखंच. गणित, भौतिक, रसायन, थोडं प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या वर्षापासून उष्मागतिकी, स्फटिकांची रचना, लोखंड-कार्बनचा तो प्रसिद्ध आलेख, पदार्थ कसे वाकतात आणि तुटतात, गंज, वेल्डिंग, ओतकाम, एक्स-रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आत बघण्याची तंत्रं. पुढे पॉलिमर, सिरॅमिक, कॉम्पोझिट आणि आता संगणकावर पदार्थ 'घडवून' बघण्याचे विषय. ज्याला बारावीत फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही आवडलं, त्याला ही शाखा जड जात नाही. ज्याला फक्त कोडिंगच करायचंय, त्याला दुसऱ्या वर्षापासून कंटाळा येईल.

नोकऱ्यांचं चित्र मिश्र आहे. पुण्याच्या भारत फोर्जसारख्या फोर्जिंग कंपन्या, कोल्हापूरच्या फाउंड्री, जालन्याचे पोलाद कारखाने, रायगडातलं डोलवीचं पोलाद संकुल, गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाभोवती उभा राहणारा उद्योग, या सगळ्यांना मेटलर्जिस्ट लागतात. हैदराबादला संरक्षण संशोधनाची डीएमआरएल आणि मिधानी आहेत, जमशेदपूरला राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आहे, पुण्यात एनसीएल आणि सी-मेट आहेत. गुजरातेत धोलेरा आणि साणंदला येणारे सेमिकंडक्टर प्रकल्प नव्या प्रकारची माणसं मागतायत.

पण कारखान्यातली पहिली नोकरी म्हणजे शिफ्ट, भट्टीजवळची उष्णता आणि सुरुवातीला आयटीपेक्षा कमी पगार, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं. आयआयटीतून मेटलर्जी केलेले कितीतरी जण शेवटी सॉफ्टवेअर किंवा डेटाच्या नोकरीत जातात. चांगल्या कॉलेजचं नाव मिळावं म्हणून ही शाखा घ्यायची आणि चार वर्षं स्वतःहून कोडिंग शिकायचं, हा मार्ग चालतो. पण मग मटेरियलबद्दल बोलूच नये.

दुसरी एक गोष्ट आपल्या भागात जास्त महत्त्वाची आहे. हिंगोली-परभणी-नांदेड पट्ट्यात इंजिनिअरिंगनंतर स्पर्धा परीक्षेकडे वळणारी मुलं पुष्कळ. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम एवढ्याच शाखांचे पेपर असतात. नागरी सेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतही सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आहेत, मेटलर्जी नाही. 'इंजिनिअर होऊन पीडब्ल्यूडीत लागायचं' हे स्वप्न असेल तर ही शाखा त्या वाटेवर नाही. सरकारी नोकरीची तिची वाट वेगळी आहे: गेटचा मेटलर्जीचा पेपर, सेलसारखे सार्वजनिक उपक्रम, इस्रो, डीआरडीओ आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय, जिथे मेटलर्जीच्या पदवीधरांना घेतलं जातं.

लायगोचा धागा इथे येऊन मिळतो. लायगो-इंडियाची जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे आहे, विज्ञान-तंत्रज्ञान विभाग सोबत आहे. कामात पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचीच बांधकाम शाखा अशा संस्था आहेत. या संस्थांची वैज्ञानिक भरती देशपातळीवर होते. तिथे 'माझं गाव दुधाळ्यापासून दहा किलोमीटरवर आहे' याला एकही गुण नसतो. आणि वेधशाळा एकदा चालू झाली की तिला माणसं हजारांनी लागत नाहीत, त्यातही मटेरियलवाले मूठभरच. म्हणून सुरुवातीला म्हटलं की केवळ लायगोसाठी ही शाखा घेऊ नका.

स्थानिकांना कामं मिळण्याची जास्त शक्यता आहे ती बांधकामाच्या आणि नळी जोडणीच्या टप्प्यात: वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सुरक्षा, वाहतूक, देखभाल. साधं वेल्डिंग करणारे जिल्ह्यात बरेच आहेत. पण ३ मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्यावर, निर्वात टिकवणारा, डाग-धूळ नसलेला टिग वेल्डिंगचा सांधा मारणं आणि तो तपासून प्रमाणित करून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. हे शिकवणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम हिंगोलीच्या आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतनात प्रकल्पाच्या आधी सुरू व्हायला हवेत, नळ्या जोडून झाल्यावर नव्हे. नांदेडच्या संस्थानातही पूर्ण शाखा लगेच शक्य नसली तरी मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि केमिकलच्या मुलांसाठी मटेरियलचा मायनर सुरू करायला नव्या शैक्षणिक धोरणाची आडकाठी नाही. लोकप्रतिनिधींनी लायगोच्या पाहणी दौऱ्यात फोटोसोबत हेही विचारलं तर बरं होईल.

घर सोडून लांब जाता येत नसेल तर?

तरी दार बंद होत नाही. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा केमिकलची पदवी नांदेडला घेऊन गेटमधून मटेरियलच्या एमटेकला जाता येतं. बीएस्सी फिजिक्स किंवा केमिस्ट्री करणाऱ्यांना जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी आणि तिथून मटेरियल संशोधनाकडे वळता येतं. आरशाच्या लेपावर काम करणाऱ्यांत मटेरियलच्या बरोबरीने फिजिक्सवालेही मोठ्या संख्येने आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची मटेरियलवरची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. फॉर्म भरण्याआधी त्यातली दोन-तीन ऐकली तर विषय आपल्याला झेपतो का, आवडतो का, याचा अंदाज सुट्टीतच येतो.

आणि फॉर्म भरताना एक सावधगिरी. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून कॅपचे नियम कडक झाले आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाला तरी तेच. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं. 'पुण्याचं कॉलेज आहे, टाकून ठेवू, नंतर बघू' म्हणून मेटलर्जी वरच्या क्रमांकावर लिहिली आणि ती लागली, तर 'नंतर बघू' उरत नाही. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे आपल्या वर्षाची सीईटी सेलची माहिती पुस्तिका स्वतः वाचा, कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.